एकतीस पुड्या आणि एक पडवळ

वाचकाचं पत्र : «ताई, नमस्कार. आम्ही आर्वी तालुक्यातले. घरामागच्या सांदवाडीत वीस बाय पंचवीस फुटांची जागा आहे. मागच्या जूनमध्ये मोबाईलवर बघून बियाण्यांच्या एकतीस पुड्या मागवल्या. साडेअकराशे रुपये गेले. आल्या तशा सगळ्या एकदमच लावल्या. फुलकोबीनं गड्डाच धरला नाही, पालक हातभर वाढून फुलावर गेला, भेदरं (टोमॅटो) पाण्यानं सडलं, भेंडी वानरांनी खाल्ली. उरलेल्या पुड्या डब्यात आहेत. पुढच्या वर्षासाठी आत्ताच मागवून ठेवू म्हटलं, तर आमचे हे म्हणतात संकरितच घे, आणि सासूबाई म्हणतात, भाजीचं बी कोणी विकत घेते का बाई? मला एवढंच पाहिजे की रोजची भाजी घरची व्हावी आणि महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांतल्या निदान दहा तरी वाडीतल्या असाव्यात. सुरुवात कुठून करू? जुन्या पुड्यांचं काय करू?»

एकतीस आकडा वाचून आधी हसू आलं आणि मग आमच्या घरचा एक डबा आठवला. एका वर्षी मी भेंडीचं बी हिवाळ्यातच घेऊन ठेवलं होतं. स्वस्त मिळालं म्हणून चांगलं पावशेर घेतलं. पत्र्याच्या डब्यात भरून, टिनाच्या छपराखाली फळीवर ठेवलं. एप्रिल-मे त्यानं तिथेच काढला. मृगात पेरलं तर शंभरातलं दहा उगवलं. मी तावातावानं दुकानात जाऊन भांडून आले. पुढे कळलं, त्याच पोत्यातलं बी शेजारणीनं मातीच्या मडक्यात, न्हाणीच्या भिंतीशी ठेवलं होतं आणि तिचं सगळं उगवलं होतं. बी मी भाजून काढलं होतं आणि बोलणी खाल्ली दुकानदारानं.

म्हणून पहिलं सांगणं : वर्षभराचं बी आत्ता मागवू नका. एका वेळी तर मुळीच नको.

जुन्या पुड्यांचं आधी उरकून टाकू, कारण ते काम उद्याच करण्यासारखं आहे. जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं मऊ फडकं घ्या, ओलं करून घट्ट पिळा. पाणी टपकायला नको, नुसता ओलावा पाहिजे. एकेका पुडीतले दहा दाणे मोजून ओळीनं मांडा, पुडीचं नाव चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा, पोळीसारखी गुंडाळी करा आणि झाकणाच्या डब्यात घालून चुलीच्या उबेला ठेवा. सध्या थंडी आहे, उघड्यावर ठेवलं तर चांगलं बीही आळशासारखं पडून राहील. रोज एकदा उघडून बघा, फडकं सुकलं तर पाण्याचा हात फिरवा. मेथी तीन दिवसांत कोंब दाखवते, फुलकोबी पाच-सहा, मिरचीला या दिवसांत दोन आठवडेही लागतात. कारल्याचं आणि दोडक्याचं टरफल जाड, ते आधी रात्रभर भिजवा. दहातले सात किंवा जास्त फुटले तर पुडी ठेवा. चार ते सहा फुटले तर यंदाच दाट पेरून संपवा. त्याखाली असेल तर जीव अडकवू नका.

पिशवीवर लिहिलेल्या उगवणीशीही हे ताडून बघता येतं. बियाणे कायद्याखाली भेंडीला किमान ६५ टक्के, भेदऱ्याला आणि वांग्याला ७०, मिरचीला ६० टक्के उगवण लागते. कोणत्या बियाचा जीव किती, तेही ध्यानात ठेवा. कांद्याचं बी एका वर्षातच म्हातारं होतं. भेंडी, मिरची, सांबार (कोथिंबीर) दोन वर्षं काढतात. भेदरं, वांगं तीन-चार. काकडी, दोडका, कोहळं (लाल भोपळा) कोरड्या थंड जागी चार-पाच वर्षंही टिकतं. तुमच्या डब्यातला कांदा गेला असं समजा, वेलांच्या पुड्या बहुधा जिवंत निघतील.

एक मात्र सांभाळा. गुलाबी, निळा असा रंग चढवलेलं बी असेल तर त्याला बुरशीचं औषध चोळलेलं असतं. ते उगवलं नाही म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नका, आणि सांबाराचं असेल तर चुकूनही मसाल्यात जाऊ देऊ नका. खड्डा करून पुरा, हात साबणानं धुवा.

आता गेल्या वर्षी काय बिघडलं ते. बियाण्याचा दोष फार थोडा, घडलं ते सगळं एकाच दिवशी लावल्यामुळे. आपल्याकडे एका वर्षात तीन वाड्या असतात : पावसाळ्याची, हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची. फुलकोबीच्या प्रत्येक वाणाला गड्डा धरायला ठराविक थंडी लागते. थंडीतला वाण जूनमध्ये लावला की पानंच पानं येतात. पालकाला तापत्या हवेत आणि लांब दिवसांत फुलायची घाई होते. भेदऱ्याची मुळं आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस पाण्यात राहिली की संपलंच. कपाशीच्या वावरात पाणी साचलं की काय होतं हे तुमच्या घरात मी सांगायला नको. वाडीही त्याच मातीची आहे. त्यामुळे पावसाळ्यात सपाट वाफे नकोत. तीन फूट रुंद आणि अर्धा फूट उंच गादीवाफे करा, मधून पाणी निघायला चर ठेवा, आणि पावसाळी भेदऱ्याचा नाद सोडा. ते दोन महिने बाजारातून आणा, काही बिघडत नाही.

पण वाडीचा खरा आकडा पावसाळ्याचा नसतो, मे महिन्याचा असतो. तो कागदावर मांडू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा भाजीचा वाफा दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज पितो. दहा बाय दहा फुटांचा वाफा म्हणजे नऊ चौरस मीटरांहून थोडा जास्त, त्याला रोज सत्तर लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या जवळपास पाच बादल्या. तुमची सगळी जागा त्याच्या पाचपट. रोज तेवीस-चोवीस बादल्या! नळ एक दिवसाआड, बोर मे महिन्यात खोकतो, आणि बादल्या वाहणार कोण, तर तुम्हीच. पत्रात पाण्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून एवढं सांगते आहे. आधी न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी रोज किती निघतं ते दोन दिवस बादलीनं मोजा. जेवढ्या वाफ्याला ते पुरेल तेवढीच उन्हाळी वाडी. बहुतेक घरांत तो एकच वाफा निघतो. त्यात ढेमस, काकडी आणि गवार घ्या, मुळाशी सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं जाड पसरा, म्हणजे ओल टिकते. भांड्यांचं साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते पपईला आणि कोचईच्या (अळूच्या) पानांना सोडा. बाकी जागेला मे महिन्यात ऊन खाऊ द्या. तापलेल्या मातीतली कीड मरते, आणि तुमची पाठही सुटते.

यावरून बी किती वेळा मागवायचं ते आपोआप ठरतं. तीनदा. आत्ता जानेवारीत उन्हाळ्याच्या तीन-चार पुड्या. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाळ्याचं. आणि पोळ्याच्या आसपास हिवाळ्याचं, कारण फुलकोबी, पत्ताकोबी, भेदरं यांचं रोप सप्टेंबरात टाकलं की ऑक्टोबरात लावणीला येतं. मेथी, पालक, सांबार दसऱ्यानंतर, आणि एकदम नाही, दर पंधरा दिवसांनी एक-एक ओळ. असं मागवलं की बी घरात उन्हात तापत नाही, पावसाच्या दमटपणात कुबट होत नाही, आणि पुडी हातात पडते तेव्हा दिवसही तिचेच असतात. सांबाराचे धणे पेरण्याआधी चपलेनं हलकेच रगडून दोन फाका करायला विसरू नका, प्रत्येक फाकेत वेगळं रोप असतं.

किती घ्यायचं, यात तर सगळेच फसतात. भेदऱ्याच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास दाणे असतात. घरी पाच माणसं असतील तर हिवाळ्यात बारा झाडं पुष्कळ झाली. दहा ग्रॅमची पुडी घेतलीत तर तीन हजार रोपं कोणाला वाटाल? वांग्याची सहा-आठ झाडं, मिरचीची दहा. भेंडीला मात्र हात आखडू नका, तिची चाळीस-पन्नास झाडं असली तरच एका दिवसाआड घरापुरती निघते. तिचं बी जड असतं, सात-आठ ग्रॅम लागेल. दोडका, कारलं, पडवळ यांचे दोन-दोन वेल, दुधीचा एक, कोहळ्याचा एक, आणि तोही कुंपणावर किंवा गोठ्याच्या छपरावर सोडा, जमीन खाऊ देऊ नका. बरबटी (चवळीच्या शेंगा) आणि पोपटवाल कुंपणाच्या कडेनं. मुंगण्याचं (शेवग्याचं) एक झाड कोपऱ्यात लावून टाका, ते बी मागत नाही, फांदी लावली तरी येतं.

आता घरातलं भांडण. तुमच्या यजमानांचं म्हणणं कुठून येतं ते मला समजतं. कपाशीचं पाकीट दरवर्षी विकतच आणायचं ही त्यांची सवय आहे, आणि वावरात ते बरोबरही आहे. पण संकरित भाजीचा डौल असा की माल एकदम येतो, एकसारखा येतो, गाडीत भरून बाजारात जातो. तुम्हाला एकाच आठवड्यात वीस किलो भेदरं काय करायचं आहे? तुम्हाला अर्धा किलो पाहिजे, पण तीन महिने पाहिजे. शिवाय संकरित झाडाचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर रूप टिकत नाही, एक झाड आजोबावर जातं, दुसरं मामावर.

म्हणून मी अशी वाटणी करते. फुलकोबी, पत्ताकोबी विकतच. आपल्या हवेत त्यांचं बी धरत नाही, तिथे गावरानचा हट्ट नको. भेदऱ्याचा सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण घ्या, ‘पुसा रूबी’ जुना आहे आणि घराला चांगला. भेंडीत पानाच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग फार येतो, त्याला टिकणारी म्हणून ‘परभणी क्रांती’ निघाली, आणि आपल्या अकोल्याच्या विद्यापीठाची ‘अकोला बहार’ आहे. दोन्ही सरळ वाण, बी घरी धरता येतं. बाकी वांगं, मिरची, अंबाडी, वाल, बरबटी, सगळे वेल हे सासूबाईंच्या खात्यात टाका. खरंच टाका. त्या जे म्हणाल्या तो टोमणा वाटला असेल, पण त्यात आमंत्रणही आहे. त्यांना विचारा, तुम्ही बी कसं धरत होता?

कसं धरतात ते मी माझ्या सासूकडून बघितलं. वेलावरचा दुसरा-तिसरा दोडका, सरळ आणि भरलेला, त्याला त्या लाल चिंधी बांधत. चिंधी म्हणजे हा कोणी तोडायचा नाही, पाहुणा आला तरी नाही. तो वेलावरच वाळे, तपकिरी होई, मग चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. धुरानं त्याला कीड लागत नसे. मृगाच्या आधी तो खाली काढून हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. खालचं टोकाचं टोपण बोटानं उचकटलं की काळेभोर दाणे जाळीतून भराभर सुपात पडायचे. वांगं झाडावर पिवळं पडू द्यायचं, भेंडी झाडावरच तडकू द्यायची, सुकलेलं बी चाळलेल्या राखेत मिसळून, वर कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात. एवढंच तंत्र. नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे (आपल्या अकोल्याच्या नव्हेत, पुष्कळांचा घोळ होतो) यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशीच गावठी बियाणी जपण्यासाठी.

पण घरच्या बियात एक धोका आहे आणि तो सासूबाईंनाही सांगा. दुधी-काकडीच्या फुलांतले पराग मधमाशा कुठून कुठून फिरवून आणतात, त्यामुळे त्या बियाच्या वेलाला कधी कधी फळ कडू निघतं. दुधी चिरल्यावर एक चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर भाजी नाही, रस तर नाहीच नाही, सरळ फेकायची. कडू दुधीनं माणसं दवाखान्यात पोचली आहेत. आणि त्या वेलाचं बी कधी धरायचं नाही.

विकत घ्याल ते कुठून? वर्धा जिल्ह्यात सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे विचारा. महाबीजची (राज्याच्या बियाणे महामंडळाची) दुकानं तालुक्याला असतात. गावात उमेद अभियानाचा बचत गट असेल तर परसबागेच्या बियाण्यांची चौकशी तिथेही करा, चार-सहा घरांनी मिळून एक पुडी घेतली की प्रत्येकीला पुरतं. मोबाईलवरून मागवायला माझी ना नाही, पण निळं भेदरं आणि सप्तरंगी मक्याच्या चित्रांपासून लांब राहा. पुडीवर लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैध मुदत, उगवणीचा टक्का आणि वजन असलं पाहिजे. नुसतं चित्र आणि “१०० टक्के ऑरगॅनिक” असेल तर ती पुडी नव्हे, तो फोटो आहे. पावती जपा आणि पुडी फेकू नका. बी वाफ्यात गेल्यावरही पुडी खुंटीला अडकवून ठेवा.

वानरांवर माझ्याकडे रामबाण नाही. असता तर मी एव्हाना आमदार झाले असते. आमच्याकडे ती मिरचीच्या, हळदीच्या आणि कारल्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, म्हणून बाहेरच्या कडेला तीच लावते आणि भेंडी, वांगी घराच्या दाराशी, जिथे दिवसभर माणसांची ये-जा असते. जुन्या साड्या आडव्या बांधल्यानं आठवडाभर फरक पडतो, मग त्यांना साड्यांचीही सवय होते.

आता महालक्ष्म्या. यासाठीच पत्र वाचून मला तुमच्याबद्दल आपुलकी वाटली. पंचांग काढा आणि पूजेच्या दिवसापासून उलटं मोजा. कधी ऑगस्टच्या शेवटी येतात, कधी सप्टेंबरच्या वीस-बावीस तारखेला, त्यामुळे “मृगात लावलं” एवढ्यानं भागत नाही. पडवळाला पहिलं फळ यायला सव्वादोन-अडीच महिने धरा. कोहळ्याला तीन महिने. दोडका, कारलं, दुधी दोन महिने. गवार, बरबटी, भेंडी पन्नास दिवस. अंबाडी महिन्याभरात तोडायला येते. वांगं आणि मिरची बी टाकल्यापासून धरलं तर साडेतीन महिने, त्यांचं रोप पूजेच्या तारखेप्रमाणे मेच्या मध्यावर किंवा शेवटी गोणपाटाच्या सावलीत टाकावं लागेल. मोजा : पडवळ, कोहळं, दोडका, कारलं, दुधी, गवार, बरबटी, भेंडी, अंबाडी, वांगं. दहा झाल्या. कोचईची पानं धरली तर अकरा, आणि हिरवी मिरची मोजायची की नाही ते सासूबाईंना ठरवू द्या. पूजा उशिरा येणार असेल तर भेंडी आणि गवार पंधरा दिवस उशिरा टाका, नाही तर त्या दिवशी जून शेंगाच हाताला लागतील.

यातलं पडवळ सगळ्यांत अवघड. आपल्याकडे ते फार कोणी लावत नाही, दुकानात मिळेलच असं नाही, आणि महालक्ष्म्यांच्या कढीत तर ते लागतंच. त्या दोन दिवसांत बाजारात त्याचा भाव काय होतो ते तुम्ही बघितलंच असेल. त्यामुळे मेपर्यंत थांबू नका, आत्तापासून माग काढा. पडवळाचं बी ज्या घरात असतं ते घर बहुधा एखाद्या म्हातारीचं असतं, आणि ती ते विकत नाही, मागितलं तर देते.

संक्रांत तोंडावर आली आहे. रथसप्तमीपर्यंत तुमची हळदीकुंकवं चालतील. यंदा वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटू नका. फडक्यातल्या परीक्षेत पास झालेल्या पुड्यांचं बी कागदाच्या छोट्या पुडक्यांत बांधा, वर नाव आणि कधी पेरायचं ते लिहा, आणि तेच वाण द्या. घेणाऱ्या बायांना विचारत जा, तुमच्याकडे पडवळ आहे का हो? दहा घरं झाली की एकीच्या आढ्याला नक्की टांगलेलं निघेल. मला सहा दाणे जास्तीचे ठेवा, माझ्याकडचं यंदा उंदरांनी नेलं.